सोलापूरहून जर्मनीला शिकायला जाताय? आधी टपालपेटीवर नाव लावा

सोलापुरात पत्ता म्हणजे एक अंदाज असतो. "बाळीवेशीत या, तिथं कुणालाही विचारा," एवढ्यावर कुरिअरवाला घर शोधतो, आणि दाराला कुलूप असेल तर पाकीट शेजारच्या काकूंकडे देऊन जातो. जर्मनीत टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र आल्या वाटेनं परत जातं. आणि तिथं बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, कराचा क्रमांक, सगळं टपालानंच येतं. नव्यानं गेलेल्या मुलांच्या पहिल्या दोन महिन्यांतल्या निम्म्या अडचणी या एका पेटीपाशी सुरू होतात.

प्रवेश कसा मिळवायचा, व्हिसाच्या मुलाखतीत काय विचारतात, यावर भरपूर माहिती मिळते. विमान उतरल्यावर रोजचं आयुष्य कसं बसवायचं, याबद्दल सांगणारे कमी. हा लेख त्यासाठी.

निघण्याआधीचे पैसे

व्हिसासाठी जे बंद खातं उघडावं लागतं, ज्याला तिथं श्पेरकोंटो म्हणतात, त्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात आणि त्यातले महिन्याला ९९२ युरो तुमच्या हातात येतात. पण ते येण्यासाठी तिथल्या बँकेत चालू खातं लागतं, आणि ते उघडून पहिला हप्ता पडेपर्यंत तीन ते सहा आठवडे सहज जातात. नेमक्या त्याच दिवसांत घराची अनामत, पहिलं भाडं, विमा आणि सत्राचं शुल्क एकदम अंगावर येतं. म्हणून दीड-दोन हजार युरो फॉरेक्स कार्डावर आणि थोडे रोख असे वेगळे ठेवा. "खात्यात अकरा हजार आहेत की" या भरवशावर जाऊ नका. ते पैसे तुमचे असले तरी तेव्हा तुमच्या हातात नसतात.

शिक्षणासाठी पैसे बाहेर पाठवताना एका मर्यादेपुढे टीसीएस, म्हणजे बँकेनं आधीच वसूल केलेला कर, कापला जातो. शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या आणि घरच्या पैशातून पाठवलेल्या रकमेला नियम वेगळे आहेत, तेव्हा बँकेत जाण्याआधी सीएशी बोलून घ्या. कापलेली रक्कम विवरणपत्र भरताना वळती करता येते. वडिलांना हे आधी सांगितलं तर घरातला एक वाद वाचतो.

भारतातलं सिम बंद पडू देऊ नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या आणि कमी पैशाचा रिचार्ज मारत राहा. कर्ज असेल तर घरच्या एखाद्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवलेलं बरं, नाहीतर एका सहीसाठी बँक तुम्हाला नवी पेठेत हजर व्हायला सांगेल.

बॅग

इथं सोलापूरकरांचा जीव अडकतो, म्हणून जरा सविस्तर.

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खवा घातलेलं काहीही नाही. आईनं कितीही घट्ट बांधून दिलं तरी नाही. ताजी फळं-भाज्यांवरही बंधन आहे, तेव्हा कढीपत्त्याची ताजी जुडी घरीच ठेवा आणि सावलीत वाळवलेला न्या. तुपाचं दुःख करू नका. तिथं बिनमिठाचं लोणी उत्तम मिळतं, मंद आचेवर अर्ध्या तासात कढतं.

शेंगा चटणी मात्र खुशाल न्या. शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरे, यात अडवण्यासारखं काही नाही. कुटलेल्या चटणीला तेल सुटतं, तेव्हा दुकानातून हवाबंद पाकिटातलीच घ्या, आणि तीही हातातल्या बॅगेत नको, चेक-इनच्या बॅगेत ठेवा. कडक भाकरी वजनाला हलकी आणि महिनाभर टिकणारी; अडचण फक्त तुकडे होण्याची. स्टीलच्या दोन ताटल्यांमध्ये ठेवून कपड्यांच्या मध्ये बसवली की बऱ्यापैकी शाबूत पोहोचते. आणि तुकडे झालेच तर आमटीत चुरूनच खायची आहे.

चादर न्यायची का, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. माझं मत: एक न्या, जोड नको. तिथल्या खोल्या हिवाळ्यात तापवलेल्या असतात, आत चादर पुरते. पण २३ किलोंच्या मर्यादेत दोन चादरी म्हणजे मसाल्यांच्या जागेवर पाणी. जाड कोट इथून अजिबात घेऊ नका. सप्टेंबरच्या शेवटी उतरलात तर स्वेटर आणि वाऱ्या-पावसाचं जाकीट चालतं. खरा हिवाळी कोट तिथं, आणि शक्यतो जुन्या कपड्यांच्या दुकानात घ्या.

कुकर घेताना तळ इंडक्शनला चालणारा स्टीलचा घ्या. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर नुसता बसून राहतो. कढई-तवासुद्धा सपाट बुडाचेच. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, त्यामुळे मिक्सर चालतो, पण आपली तीन पिनांची गोल प्लग तिथल्या खोबणीत बसत नाही. एक ॲडाप्टर आणि त्याला इथला एक्स्टेन्शन बोर्ड, एवढ्यात सगळं भागतं. बोर्डावर एकदम मोठी उपकरणं मात्र जोडू नका.

कागदपत्रं हातातल्या बॅगेत. मूळ गुणपत्रिका, प्रवेशपत्र, विम्याचा कागद, बंद खात्याचा दाखला, घराचा करार, काही पासपोर्ट फोटो. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईत उतरणार असाल तर त्याच दुपारचं विमान पकडायची घाई करू नका. मध्ये एक दिवस ठेवा.

पहिले पंधरा दिवस: क्रम चुकवायचा नाही

तिथल्या व्यवस्थेत एक कागद दुसऱ्या कागदावर उभा असतो. क्रम असा.

पहिलं, टपालपेटीवर आणि दारावरच्या घंटीपाशी नाव. पासपोर्टवर जसं आडनाव आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं. आधी चिकटपट्टीवर लिहून लावा, नीट पाटी नंतर येईल. दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहत असाल तरीही नाव लागलंच पाहिजे.

दुसरं, घरमालकाकडून वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव लांबलचक असलं तरी काम एका पानाचं: अमुक माणूस अमुक तारखेपासून माझ्याकडे राहतो, असा सहीचा दाखला. किल्ली घेतानाच मागा. भाडेकराराची प्रत याच्या जागी चालत नाही.

तिसरं, पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात करायची. मोठ्या शहरांत भेटीची वेळच दोन-चार आठवड्यांनंतरची मिळते, म्हणून सोलापुरात बसूनच ती ऑनलाइन काढून ठेवा. वेळ मिळत नसेल तर सकाळी सातच्या सुमारास संकेतस्थळ बघा, रद्द झालेल्या वेळा तेव्हा पुन्हा दिसतात. दोन आठवडे उलटले तर घाबरू नका, पण वेळ मागितल्याचा ईमेल जपून ठेवा.

चौथं, बँक खातं आणि विमा. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यानं सरकारी आरोग्य विमा घ्यावा, महिन्याला १४० युरोंच्या वर जातो. स्वस्त खाजगी विम्याच्या जाहिराती दिसतील. एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली की शिक्षण चालू असेपर्यंत परतीची वाट जवळजवळ बंद होते, तेव्हा शंभरेक युरो वाचवण्याच्या नादात ती सही करू नका. प्रवासी विमा हा फक्त वाटेपुरता.

पाचवं, विद्यापीठातली नावनोंदणी. ती झाली की ओळखपत्र मिळतं, त्यावर मेसचं जेवण, ग्रंथालय आणि बहुतेक ठिकाणी प्रवासाचा पासही येतो.

सहावं, राहण्याचा परवाना. व्हिसा बहुधा तीन ते सहा महिन्यांचाच असतो. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, तिथल्या बोलीत आउसलँडरबेहोर्डेत, मुदत संपायच्या आत अर्ज गेलाच पाहिजे. "अजून चार महिने आहेत" असं म्हणत बसू नका. पहिल्याच महिन्यात अर्ज टाका.

दरम्यान नोंदणीनंतर काही दिवसांनी ११ आकडी कर क्रमांक टपालानं येतो. हा कागद आयुष्यभराचा. पाठोपाठ रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून ते फाडून टाकणारे अनेक आहेत आणि नंतर थकबाकी भरणारेही तितकेच. शुल्क घरटी असतं, माणशी नाही. चौघं एका घरात राहत असाल तर एकानं भरायचं, बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा आणि खर्च वाटून घ्यायचा.

एक सवय लावा: एक फाइल, त्यात आलेलं प्रत्येक पत्र तारखेनुसार. पत्र जर्मनमध्ये असेल तर फोनवर फोटो काढून भाषांतर बघा, आणि त्यातली शेवटची तारीख शोधा. बाकीचा मजकूर सावकाश वाचला तरी चालतो.

घर मिळवणं आणि टिकवणं

विद्यार्थी वसतिगृहं स्टुडिएरेंडनवेर्क ही संस्था चालवते. प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून प्रवेशपत्र येताक्षणी अर्ज करा. खाजगी जाहिरातीत दोन भाडी दिसतील: काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं, वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा धरून. हिशेब दुसऱ्याचा करायचा. अनामत काल्टमीटेच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही. "मी सध्या लंडनला आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल," असं सांगणारा प्रत्येक मालक भामटा समजा. घर किंवा निदान व्हिडिओवर खोली आणि माणूस बघितल्याशिवाय एक युरोही नाही.

ताब्यात घेताना भिंती, फरशी, शेगडी, खिडक्यांचे फोटो काढा आणि ताब्याच्या कागदावर प्रत्येक जुना डाग लिहून घ्या. सोडताना अनामत याच कागदावर अडते.

आपल्याकडे नळाला दिवसाआड, कधी चार दिवसांआड पाणी. तिथं चोवीस तास येतं, पिण्याचंही तेच. पण गरम पाणी आणि हीटिंगचा हिशेब वर्षअखेरीस येतो आणि जास्त वापर झाला तर फरक भरावा लागतो. मुख्य म्हणजे न्हाणीघराच्या फरशीला बहुधा मोरी नसते. बादलीनं फरशी धुतली तर पाणी खालच्या घराच्या छतातून उतरतं. यासाठी आणि किल्ली हरवण्यासाठी एक छोटा विमा मिळतो, हाफ्टप्फ्लिश्ट नावाचा, महिन्याला चार-पाच युरोंचा. पूर्ण इमारतीची कुलपं बदलावी लागली तर बिल काही हजारांत जातं. किल्ली हरवलेली चालते का, हे कलम वाचूनच घ्या.

खिडक्या हिवाळ्यातही रोज दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या. आपला स्वयंपाक वाफेचा, खोली बंद ठेवली की भिंतीला बुरशी धरते आणि दोष भाडेकरूवर येतो. फोडणीच्या वेळी धूर ओळखणारं यंत्र वाजतं. स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी आणि तेल धुरावण्याआधी मोहरी, ही सवय पहिल्या आठवड्यात लागते. यंत्र पिशवीत गुंडाळून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

रात्री १० ते सकाळी ६ शांतता, रविवारी दिवसभर. मिक्सर, व्हॅक्यूम, भिंतीला खिळा, काचेच्या बाटल्या टाकणं, यातलं रविवारी काही नाही. कचऱ्याचे डबे रंगानं वेगळे आणि इमारतीगणिक थोडा फरक, तेव्हा पहिल्या दिवशी शेजाऱ्याला विचारून घ्या, ओळखही होते. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर आणि पेयांच्या कॅनवर २५ सेंट अनामत असते, ते सुपरमार्केटच्या यंत्रात परत करायचे.

चूल

रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी दूध, ब्रेड, भाजी घरात नसेल तर सोमवारपर्यंत भातावर. किराण्यासाठी आल्डी, लिडल, पेनी. कोथिंबीर, पुदिना, भेंडी, डाळी आणि कच्चे शेंगदाणे तुर्की दुकानात. कणीक, हिंग, पोहे आणि नशीब असेल तर ज्वारीचं पीठ आशियाई किंवा भारतीय दुकानात. मंगळवेढ्याच्या मालदांडीची चव त्याला नाही, पीठ जुनं असतं आणि भाकरी चिरते. कडकडीत पाण्यात उकड काढून मळलं तर थापता येते.

शेंगा चटणी संपल्यावर तिथंच करा. दाणे ओव्हनमध्ये मंद भाजा, सालं काढा, लसूण-तिखट-मीठ-जिरे घालून मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. एकदम फिरवलं की पीनट बटर होतं. उखळाची मजा नाही, पण दही-भातासोबत काम होतं. दह्यासाठी साधं ३.५ टक्के चरबीचं योगर्ट घ्या. क्वार्क नावाचा पदार्थ आपल्या चक्क्याच्या फार जवळचा. साखर, वेलची, केशर घातलं की पाडव्याला श्रीखंड तयार.

शाकाहारी असाल तर पाकिटावरचे शब्द पाठ करा: रिंड म्हणजे गोमांस, श्वाइन म्हणजे डुकराचं, गेलाटीने म्हणजे जिलेटिन. जिलेटिन गोळ्या-मिठाईत तर असतंच, काही गोड योगर्टमध्येही निघतं.

विद्यापीठाची मेस, म्हणजे मेन्झा, स्वस्त असते आणि शाकाहारी पदार्थ रोज असतात. दुपारी तिथं, रात्री घरी, असा मेळ बसवला तर अभ्यासही होतो. तिन्ही वेळा घरचंच हवं म्हणणारी मुलं संध्याकाळी स्वयंपाकघरात आणि रात्री पुस्तकापाशी, दोन्हीकडे दमतात.

वर्ग, परीक्षा, काम

वेळापत्रकात १० वाजता आणि पुढे सी.टी. लिहिलं असेल तर तास १०.१५ ला सुरू होतो, एस.टी. असेल तर ठोक्याला. गुणांची शिडी उलटी: १.० सर्वोत्तम, ४.० ला पास. वर्गात हजेरी बहुधा कुणी घेत नाही, यानंच इथली मुलं फसतात. परीक्षेसाठी पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते, आणि ती तारीख गेली की त्या सत्राला परीक्षा नाही. एका विषयाला बहुतेक ठिकाणी तीनच संधी. जुन्या प्रश्नपत्रिका विद्यार्थी संघटनेकडे मागा, त्यात चोरी काही नाही.

काम वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येतं. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या पुढे जाऊ नका, विम्याचा दर्जा बदलतो. किमान वेतन २०२६ पासून तासाला १३.९० युरो. स्वतंत्र व्यवसाय, अगदी ऑनलाइन फ्रीलान्ससुद्धा, परवानगीशिवाय चालत नाही. माझं स्पष्ट मत, पहिलं सत्र काम नको. घरी कर्ज आहे हे खरं, पण दोन विषय राहिले तर एक सत्र वाढतं, आणि सहा महिन्यांचा राहण्याचा खर्च कुठल्याही गोदामातल्या नोकरीनं भरून निघत नाही.

भाषा आणि अंधार

शिक्षण इंग्रजीत असलं तरी घरमालक, डॉक्टर, नगर कार्यालय जर्मनमध्ये बोलतं. इथं सोलापूरचं पोर थोडं पुढे आहे. घरात मराठी, पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, बाजारात दखनी. मोडकं बोलायची लाज आपल्याला नाही. भैय्या चौकात ज्यांचं स्मारक आहे ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि तिथली भाषा शिकून तिथल्याच लोकांत राहिले. विद्यापीठातले भाषावर्ग फुकट किंवा नाममात्र दरात असतात, पण जागा पहिल्या आठवड्यात भरतात. मराठी मुलांचा गट जरूर धरा, गणपती-दिवाळी तिथंच होते. पण राहायला शक्यतो मिश्र घर निवडा. चारही मराठी असले की "काय करलालाय बे" यापुढे भाषा सरकत नाही.

डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. चाळीस अंशांच्या उन्हाला शिव्या देत वाढलेल्या माणसाला हे पहिल्या वर्षी जड जातं. झोप वाढते, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. दुपारी उजेडात अर्धा तास चाला, ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा, व्यायामासाठी विद्यापीठाचे स्वस्त खेळवर्ग आहेत. मन फारच बसलं तर स्टुडिएरेंडनवेर्कच्या समुपदेशकाकडे जा. ते गुप्त असतं, घरी किंवा कॉलेजला कळत नाही.

घरी फोनची वेळ ठरवून घ्या. उन्हाळ्यात फरक साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात. सोलापुरात रात्री नऊ म्हणजे तिथं उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेचार.

आजारी पडलात तर आधी हाउसआर्त्स्ट, म्हणजे नेहमीचा डॉक्टर. तो ठणठणीत असतानाच शोधून ठेवा. रात्री-सुट्टीत पण जिवावरचं नसेल तेव्हा ११६११७, जिवावर बेतलं तर ११२. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. रोजची औषधं असतील तर तीन महिन्यांपुरती, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या.

घरी येण्याचं तिकीट

संक्रांतीला गड्ड्याची यात्रा आणि नंदीध्वज बघायला यायची प्रत्येकाची इच्छा असते. पण जानेवारीत वर्ग चालू असतात आणि परीक्षा तोंडावर असतात. यायचं तर फेब्रुवारीअखेर ते मार्च, किंवा ऑगस्ट-सप्टेंबर. तिकीट काढण्याआधी परवान्याची तारीख बघा. परवाना नूतनीकरणात असेल तर कार्यालय एक तात्पुरता दाखला देतं. त्यावर जर्मनीच्या निवास कायद्यातल्या कलम ८१ चा चौथा परिच्छेद खुणावलेला असेल तर त्या दाखल्यावर परत जाता येतं; तिसरा असेल तर मुंबईला नव्यानं व्हिसा काढावा लागतो. शंका असेल तर तिकीट काढण्याआधी कार्यालयाला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या.